बरणी क्रमांक अकरा

११ नोव्हेंबर, सोमवार

मार्चमध्ये निवृत्त झालो तेव्हा कंपनीने तीन वस्तू दिल्या. शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि ही डायरी. शाल शुभाने कपाटात टाकली, घड्याळ गणपतीत बंद पडलं. डायरीत काय लिहायचं हे आठ महिने सुचलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज घडलं.

गंधाली १४ डिसेंबरला जर्मनीला चालली आहे, दोन वर्षांच्या नोकरीसाठी. बॅगेत काय काय जाणार याची सकाळी चर्चा चालू होती. शुभा म्हणाली, लिंबाचं लोणचं देते. गंधालीने साफ नाही सांगितलं. शुभाची भाची इरावती लंडनला गेली तेव्हा बॅगेत बरणी गळली आणि ऑफिसचे सगळे कपडे पिवळे झाले, ही कथा आमच्या खानदानात रामायणाइतकी पाठ आहे. शुभा उठून ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता.

मला ते बघवेना. म्हटलं, चौतीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यात सीलिंग सांभाळलं आहे. भर पावसाळ्यात माझ्या लाइनवरच्या एका गोळीला दमट हवा लागली नाही. लिंबाची काय कथा? लोणचं मी करतो आणि सीलही मी करतो.

गंधालीने माझ्याकडे बघितलं तशी ती फार कमी वेळा बघते. मग म्हणाली, "ठीक आहे बाबा. एक बरणी. पण निघायच्या आधी आठवडाभर उलटी ठेवायची, आणि एक थेंब आला तरी कॅन्सल."

खरं सांगायचं तर तिच्यासाठी माझ्या हाताने केलेली अशी एकही गोष्ट मला आठवली नाही. ती लहान असताना मी कायम सेकंड शिफ्टला. आता निदान एक बरणी.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मुलुंडच्या मार्केटमधून बारा काचेच्या बरण्या आणल्या. झाकणावर मधोमध बटण असतं. आत हवा नसेल तर बटण खाली बसतं, हवा शिरली की वर येतं. याहून प्रामाणिक वस्तू मी घरात दुसरी पाहिली नाही.

शुभाच्या पद्धतीत वजनं नाहीत. "अंदाजाने मीठ", "हाताला कळेल तेवढी साखर". हे असं चालत नाही. मी वजनकाटा काढला. लिंबं वाफवली, फोडी केल्या, तिखट, साखर, मीठ, सगळं ग्रॅममध्ये. मीठ आणि साखर निम्मी केली, कारण डॉक्टरांनी मला दोन्ही कमी करायला सांगितलं आहे आणि जे मला चांगलं ते सगळ्यांना चांगलं. शुभा म्हणाली, मीठ कमी पडेल, लिंबू कडवट होईल. मी तिला डॉक्टरांचा कागद दाखवला. ती "बरं" म्हणाली. समजावून सांगितलं की तिला पटतं.

मग बरण्या भरून मोठ्या पातेल्यात वीस मिनिटं उकळत ठेवल्या. तळाशी फडकं घाला असं शुभा म्हणाली होती. फडक्याचा आणि हवाबंदपणाचा काय संबंध? बरणी क्रमांक चार तडकली. पुढच्या वेळी फडकं घालणार आहे, मात्र ते माझ्याच निरीक्षणावरून.

उरलेल्या तीन बाहेर काढून झाकणं आवळली आणि बसून राहिलो. पंधरा मिनिटांनी बटण खाली बसल्याची पहिली टक. मग दुसरी, मग तिसरी. शुभाला हाक मारून आणलं, पण तोवर टक होऊन गेली होती. आठ महिन्यांत इतका आनंद झाला नव्हता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी बागेतून आलो तर दोन नंबरचं बटण वर.

१७ नोव्हेंबर, रविवार

तीन नंबरही गेली. काल सकाळी खाली होतं, दुपारी खाली होतं, संध्याकाळी वर.

कारखान्यात बिघाड आला की आधी वेळ बघायची. तक्ता केला. दोन्ही बरण्या दुपारी साडेचार ते साडेसहाच्या दरम्यान गेल्या आहेत. मी रोज त्याच वेळी बागेत असतो, त्यामुळे प्रत्यक्ष बघता आलं नाही. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे, म्हणजे कारण उघड आहे. ऊन. बरण्या हॉलमधल्या शोकेसमध्ये हलवल्या. शोकेसमधली गंधालीची बक्षिसं खाली ठेवावी लागली.

खिडकीत एक चमचा सापडला, दांडा जरा वाकलेला. शुभा म्हणाली, कावळ्याने आणला असेल. आपल्या घरातलाच चमचा कावळ्याने आपल्याच खिडकीत कशाला आणून ठेवावा हे कळलं नाही. पण कावळ्यांचं काही सांगता येत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नवीन तीन बरण्या, पाच, सहा आणि सात. फडकं घातलं. तिन्ही टक. शोकेसमध्ये ऊन पोचत नाही, तरी पाच आणि सहा संध्याकाळी वर.

शेवटी सहदेवला बोलावलं. सहदेव आमच्या लाइनवरचा फिटर. वीस वर्षं माझ्या हाताखाली होता, कांजूरमार्गला राहतो. मशिनच्या आवाजावरून कुठला बोल्ट सैल झाला ते सांगायचा. म्हटलं, हादऱ्यांनी होत असेल का? एलबीएस रोडवर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून आमच्या कपबशा वाजतात. सहदेवने सहा नंबरची बरणी हातात घेतली, फिरवली, झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कडेला एक बारीक चरा होता. त्याने तो बराच वेळ बघितला, मग चहा घेऊन आलेल्या शुभाकडे बघितलं. शुभाने त्याला आणखी एक चकली वाढली.

"सायबानू," तो म्हणाला, "झाकान घट्ट आसा. आता ता उघडता कोण, ता बघा."

सहदेव हाताचा सोन्यासारखा, पण पॅकिंगची शास्त्रीय बाजू त्याला कधीच कळली नाही. झाकण कोण उघडणार? हवा आपोआप शिरते. मी त्याला अर्धा तास समजावलं. जाताना तो शुभाला म्हणाला, वहिनी, लोणच्याची एक बरणी माका पण द्या, पण तुमच्या हातची. तिने दिलीसुद्धा.

२४ नोव्हेंबर, रविवार

सर्दी झाली म्हणून तीन दिवस बागेत गेलो नाही, दुपारचा झोपलोही नाही. बरण्यांसमोर खुर्ची टाकून बसलो. या तीन दिवसांत एकही बटण वर आलं नाही. मी घरी असण्याशी याचा काही संबंध असेल असं वाटत नाही. तीनही दिवस ढगाळ होतं.

शुभा तीन दिवस चिडचिडी होती. बागेत जा, मोकळी हवा घ्या, सर्दीला बरी असते, असं दर तासाला सांगत होती. माझ्या तब्येतीची तिला एवढी काळजी आहे हे बघून बरं वाटलं.

आज चव तपासली. जी बरणी टिकली, क्रमांक एक, तिचं लोणचं कडूजार. जीभ आखडली. जी टिकली नाही, क्रमांक पाच, तिचं इतकं सुरेख लागलं की मी तीन पोळ्या खाल्ल्या. म्हणजे सील टिकलं की लोणचं बिघडतं आणि सील सुटलं की सुधारतं. हे सगळ्या शास्त्राच्या विरुद्ध आहे. हवेत मीठ असतं का? समुद्र तसा फार लांब नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आता कारखान्याचीच पद्धत आणली. प्रत्येक बरणीवर, झाकणापासून काचेपर्यंत, कागदाची पट्टी डिंकाने चिकटवली. त्यावर बरणी क्रमांक, तारीख आणि माझी सही. झाकण केसभर जरी फिरलं तरी पट्टी फाटणार. आमच्याकडे सही केलेली पट्टी म्हणजे शेवटचा शब्द. तिला हात लावणाऱ्याची नोकरी जायची.

शुभा हे सगळं दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "कागद कुठला वापरलात?" म्हटलं, गंधालीच्या जुन्या वहीचा, का गं? म्हणाली, काही नाही, सहज.

आठ आणि नऊ नंबर ठेवल्या आहेत.

१ डिसेंबर, रविवार

दोन्ही बटणं वर. दोन्ही पट्ट्या शाबूत.

मी हे दोनदा लिहून खोडलं, पण लिहावंच लागेल. पट्टी फाटलेली नाही. क्रमांक बरोबर, तारीख बरोबर, सही जागेवर. सही तर सुरेख आली आहे, निवृत्तीनंतर हात स्थिर झालेला दिसतो. म्हणजे झाकण न फिरता हवा आत शिरली. चौतीस वर्षं मी ज्यावर विश्वास ठेवला ते सगळंच चूक होतं की काय असं आज पहिल्यांदा वाटलं. इतक्या गोळ्या गेल्या बाहेर, कुणा कुणाच्या घरी.

गंधालीने विचारलं, बाबा कसं चाललंय. म्हटलं, उत्तम. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, नाही जमलं तरी चालेल हं. हेच मला नको होतं. तिच्या लहानपणी बाबा नाही जमले तरी चाललंच होतं.

५ डिसेंबर, गुरुवार

दहा नंबरची बरणी. नळ गळला की लावतात ती दोन रंगांची पुटी आणली. मळून झाकणाच्या भोवती जाडजूड वेढा दिला. दोन तासांत दगड झाला. आता हवेच्या बापालाही आत जाता येणार नाही.

शुभा घाबरीघुबरी झाली. म्हणाली, अहो, ही उघडायची कशी? म्हटलं, मुद्दा बंद करण्याचा आहे. ती बरणीला हात लावून बघत राहिली. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी मी बागेतून आलो तर बरणी ओट्यावर होती, झाकणाजवळ खरवडल्यासारखं होतं आणि शुभाच्या अंगठ्याला पट्टी. विळी लागली म्हणाली.

मग गंधाली आली. बरणी बघून पोट धरून हसली. "बाबा, हे एअरपोर्टवर स्कॅनमध्ये दिसलं ना, तर वाट लागेल माझी. मला जर्मनीला जायचंय, तुरुंगात नाही." बरणी दहा रद्द. शोकेसमध्ये ठेवली आहे. बहुतेक आमच्यानंतरही राहील.

आता दोनच बरण्या उरल्या आणि उलटी ठेवायला जेमतेम आठवडा.

७ डिसेंबर, शनिवार

गंधालीचं कपाट रिकामं करायचं होतं. जुने कपडे एका बाजूला, कागद दुसऱ्या बाजूला. कागद माझ्याकडे आले. त्यात तिची शाळेची प्रगतिपुस्तकं निघाली, पहिलीपासून दहावीपर्यंत, एका रबरात बांधलेली. मी यातलं एकही पाहिलेलं नव्हतं. बसून वाचायला लागलो.

दुसरी, सहामाही. पालकांची सही. श्यामकांत, पूर्ण नाव, खाली दोन रेघा, शेवटी टिंब.

मी ती सही बराच वेळ बघितली. ती माझी होती, पण मी ती करत नाही. लग्न झालं तेव्हा मी अशी करायचो. लाइनवर दिवसाला दोनशे कागदांवर सह्या करायला लागल्यावर नाव झिजत गेलं आणि गंधाली झाली त्या सुमारास 'श्या' आणि पुढे एक फराटा एवढंच उरलं. तेव्हापासून बँकेतसुद्धा तेच आहे.

उठलो, शोकेसमधून आठ नंबरची बरणी काढली. श्यामकांत. दोन रेघा. टिंब.

आधी मला राग आला. तो अर्धा तास टिकला. सही केलेली पट्टी बदलणं, आमच्याकडे याहून मोठा गुन्हा नाही. मग उरलेली प्रगतिपुस्तकं वाचली. सगळ्या पानांवर माझी सही आहे आणि एकही मी केलेली नाही. पाचवीत पालकांच्या अभिप्रायात लिहिलं आहे, "गणित कच्चं आहे हे मान्य. मी स्वतः रोज घेत आहे." म्हणजे त्या वर्षी मी गंधालीला रोज गणित शिकवत होतो. सातवीत लिहिलं आहे, "वक्तृत्व स्पर्धेला मी हजर होतो. अभिमान वाटला." मी हजर नव्हतो. अभिमान कुणाला वाटला होता ते मला आज कळलं.

कागद मांडीवर घेऊन बसलो आणि रडू आलं. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

चमचा, चरा, ढगाळ हवा, सगळं एकेक करून समोर आलं. सहदेवला पॅकिंगची शास्त्रीय बाजू कळत नाही हे वाक्य मी वर लिहिलं आहे. ते खोडणार नाही. शिक्षा म्हणून राहू दे.

८ डिसेंबर, रविवार

चहा झाल्यावर लिंबं वाफवली, फोडी केल्या. गंधाली बाहेर गेली होती. वजनकाटा काढला नाही. पातेलं शुभासमोर ठेवलं, शेजारी मिठाचा डबा, साखरेचा डबा, आणि तो वाकलेला चमचा.

"मीठ किती घालायचं?" मी विचारलं.

ती चमच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मला वाटलं ती काहीतरी सांगेल, म्हणून मी लगेच म्हटलं, प्रगतिपुस्तकं छान ठेवली आहेस.

ती खाली बसली. पदराने हात पुसले, ओले नसताना. "तुम्ही दमून यायचात," ती म्हणाली. "आणि तिला सकाळी वही द्यायची असायची. तिच्या वर्गात सगळ्यांच्या बाबांच्या सह्या असायच्या."

मी म्हटलं, आणि लोणचं? त्यावर ती म्हणाली की टक झाली की मी असा हसायचो, तिला मीठ कमी आहे हे पुन्हा सांगवेना. म्हणून मी बागेत गेलो की उघडून मीठ-साखर घालायची आणि परत आवळून ठेवायची. घट्ट आवळलं म्हणजे झालं, असं तिला वाटलं होतं. पट्ट्यांच्या वेळी मात्र फार त्रास झाला म्हणाली, कारण तोच कागद शोधावा लागला. मला हसू आलं. तिलाही आलं, मग दोघांना थांबवेना.

मीठ तिने घातलं, मुठीने, न मोजता. साखरही तशीच. मी चव घेतली. मग बरणी मी भरली, फडकं मी घातलं, वीस मिनिटं घड्याळ लावून उकळली, झाकण आवळलं. शुभा शेजारी स्टूल घेऊन बसली. बारा मिनिटांनी टक झाली. या वेळी ती तिथे होती.

बरणी क्रमांक अकरा. पट्टी लावली. 'श्या', फराटा. सही वाईट आली. बरणी उलटी करून वर्तमानपत्रावर ठेवली. सहा दिवसच होतात, पण गंधाली म्हणाली चालेल.

१४ डिसेंबर, शनिवार

सहा दिवस बटण खाली. कागद कोरडा. मी रोज बागेत गेलो. गंधालीने बरणी दोन टॉवेलांत गुंडाळली आणि बॅगेत मधोमध ठेवली, इरावतीचं नाव घेत. दुपारी विमान गेलं. घरी येऊन शुभाने ओटा पुसला. मी तिच्या शेजारी उभा राहिलो.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी गंधालीचा मेसेज आला. बॅग कोरडी, कपडे स्वच्छ. बरणी काही केल्या उघडेना, खोलीतल्या तिघींनी जोर लावला. शेवटी आईला व्हिडिओवर विचारलं तर आईने चमच्याचा दांडा कुठे घालायचा ते एका सेकंदात दाखवलं. "आईला हे इतकं कसं येतं, बाबा?"

खाली फोटो होता. फ्रिजच्या दारावर एका चुंबकाखाली माझी पट्टी लावलेली. अर्धी फाटलेली, तेलकट. त्याखाली तिने लिहिलं होतं, "ही सही आईने केलेली नाहीये. ही खरी तुमची आहे ना? मी पहिल्यांदा बघतेय."

म्हणजे तिला तेव्हापासून माहीत होतं. दुसरीपासून असेल.  मग लिहिलं, हो, माझी.

शुभाला फोन दाखवला. तिने चष्मा लावला, फोटो मोठा करून नीट बघितला, फोन परत दिला आणि म्हणाली, सही मात्र माझीच जास्त चांगली यायची.